पताकांपासून भिंतीपर्यंत

"आई, चौथ्यांदा बॅग उघडताय. गॉगल काय पळून जाणार आहे का?" सून म्हणाली.

"पळत नाही गं. बघितला की बरं वाटतं."

गाडी सुटून दोन तास झाले होते आणि शिलाईबाईंचं अर्धं लक्ष खिडकीत, अर्धं बॅगेत होतं. त्रेसष्ट वर्षांच्या बाईनं इतकं हुरळून जावं का? पण त्या हुरळल्या होत्या खऱ्या. चहावाल्यालासुद्धा त्यांनी सांगून टाकलं, "पोहायच्या स्पर्धेला चाललेय." त्यानं आधी सुनेकडे पाहिलं. "ती नाही, मी," शिलाईबाई म्हणाल्या.

त्यांचे यजमान तरणतलावावर जीवरक्षक होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत आणि कपडे शिवणाऱ्या त्यांच्या बायकोला शिलाईबाई. पन्नाशी उलटलेल्या बायकोला त्यांनीच पाण्यात उतरवलं. प्रौढांच्या स्पर्धा दरवर्षी नव्या शहरात भरतात. मास्तर त्यांचा पत्ता काढत आणि कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवत. एकदा समुद्राकाठचं शहर, एकदा डोंगरातलं. कुठली गाडी, कुठे बदलायची, स्टेशनापासून तलाव किती लांब, सगळं त्यात असे. पण स्पर्धा ऐन उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात जीवरक्षकाला रजा कुठली! "पुढच्या वर्षी नक्की. एकदा निकालाच्या कागदावर तुझं नाव बघायचंय," असं म्हणता म्हणता नऊ कागद झाले आणि मास्तर गेले. त्याला दोन वर्षं झाली. दहावा कागद शिलाईबाईंनी स्वतः लिहिला.

स्पर्धेचा तलाव पाहून त्या दारातच थबकल्या. पन्नास मीटर! त्यांचा घरचा तलाव याच्या निम्मा. आणि काठावर जिकडे तिकडे पिकलेली डोकी. कुणी गुडघ्याला पट्टा बांधतंय, कुणी नातवाकडून टोपी चढवून घेतंय. एक एक्क्याऐंशी वर्षांचे आजोबा तर हात गोल फिरवत समोरच्याला दम देत होते. शिलाईबाईंच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं.

सरावासाठी त्या पाठीवर पोहत निघाल्या. पाठीवर पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही, म्हणून भिंतीच्या अलीकडे पाण्यावर आडवी पताकांची दोरी बांधतात. घरच्या तलावावरची दोरी शिलाईबाईंनीच ब्लाऊजच्या उरलेल्या तुकड्यांतून शिवली होती. मास्तरांचा धडा एकच होता: पताका डोक्यावर आल्या की सहा हात मारायचे, मग हात लांब करून अलगद भिंतीला लागायचं. त्यांनी मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच...

सहाव्याला डोकं धाडकन भिंतीवर आदळलं.

पंचबाई धावत आल्या. "पताकांचं अंतर चुकलंय तुमचं," शिलाईबाई डोकं चोळत म्हणाल्या.

"पाच मीटर आहे, आजी. सगळीकडे पाचच असतं."

शिलाईबाईंनी बॅगेतली शिलाईची टेप काढली आणि काठावर गुडघे टेकून भिंतीपासून दोरीच्या खांबापर्यंत मोजत गेल्या. पाच मीटर. बोटभरही इकडे तिकडे नाही. मग त्यांनी घरच्या तलावाच्या रखवालदाराला फोन लावला. "जरा आपल्या दोरीचं अंतर मोजून सांगता?"

"मोजायचं काय त्यात? सात मीटर," तो म्हणाला. "मास्तरांनीच बांधलीय. मी म्हटलं होतं, जास्त होतंय. तर म्हणाले, ती मोजताना शिलाईच्या विचारात असते, डोकं आपटून घेईल. असू दे दोन मीटर जास्त. तिला सांगू नकोस म्हणाले."

शिलाईबाईंनी फोन ठेवला. त्यांना रडू आलं आणि मास्तरांचा रागही आला. इतकी वर्षं!

"आई, आता?" सुनेच्या काळजाचं पाणी झालं होतं. "भिंत शोधायला वळून पालथ्या झालात तर बाद करतील."

"माहितीये. सहातले दोन हात कमी. चार."

"जमेल?"

"तयार कपडा उसवून पुन्हा मापात शिवते मी. हे काय अवघड आहे," त्या म्हणाल्या आणि गॉगल चढवून शर्यतीसाठी पाण्यात उतरल्या.

शिट्टी झाली. डोळ्यांवर उंच छप्पर सरकू लागलं. पन्नास मीटर संपता संपेनात. सून काठावरून ओरडत पळत होती आणि तिच्यामागे, काही ओळखदेख नसताना, ते एक्क्याऐंशीचे आजोबाही. पताका आल्या. एक. दोन. तीन. अकरा वर्षांची सवय आणखी हात मागत होती. चार. त्यांनी हात लांब केला आणि श्वास धरला. बोटं भिंतीला लागली.

तिघींत त्या तिसऱ्या आल्या. निकालाच्या कागदावर नाव होतं, पुढे वेळ होती, आणि बाद असं काही लिहिलं नव्हतं. सुनेनं त्याचे सात फोटो काढले. शिलाईबाईंनी पुढच्या वर्षीचं शहर विचारून घेतलं होतं, ते परतीच्या गाडीत सगळ्या डब्याला सांगून झालं.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन त्या तलावावर गेल्या. पाच मीटरवर खूण केली, नवे हूक ठोकून घेतले आणि रखवालदाराच्या मदतीनं दोरी तिथे बांधली. मग तो पक्कड घेऊन जुन्या हुकाकडे निघाला.

"तो नका काढू," शिलाईबाई म्हणाल्या. "कुणाच्या पायात येत नाही तो."