पाहुण्यांसाठी भरलेलं पाणी

करंजपुऱ्यात नळाला पाणी सकाळी साडेसहाला यायचं आणि सव्वासातला जायचं. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलांच्या मागे वसलेली ही गुजरातेतली लहानशी नगरपालिका. राहणारे निम्म्याहून जास्त खानदेशातले. सरलाबाईच्या चाळीत बारा खोल्या होत्या आणि नळ एकच. तिचा नवरा भाईदास नगरपालिकेच्या पंपघरात ऑपरेटर होता. त्यामुळे नळावर भांडण लागलं की बायका तिच्याकडेच बघायच्या, जणू पाणी तिच्या पदरात बांधलेलं होतं.

शेजारच्या खोलीत लीला राहायची. सरलाबाईच्या माहेरच्या गावापासून तिचं गाव दोन कोसांवर. नवरा लोटू मिलमध्ये कापड रंगवायचा, घरी यायचा तेव्हा कोपरापर्यंत निळा असायचा. त्यांची चैताली अडीच वर्षांची होती आणि दिवसाचा बराच वेळ सरलाबाईच्याच खोलीत असायची. सरलाबाईची हर्षदा नववीत होती, ती चैतालीला गुजराती बडबडगाणी शिकवायची.

प्लेगच्या साथीनंतरचं चौथं वर्ष, जून महिना. रेडिओवर वादळाची बातमी आली. नगरपालिकेची जीप भोंगा लावून गल्ल्यांमधून फिरली: पत्र्यांवर दगड ठेवा, विजेच्या खांबापाशी थांबू नका. पाण्याविषयी भोंग्यात एक शब्द नव्हता.

त्याच दिवशी पंपघरात नगरपालिकेचे साहेब आले. हातात तयारीचा फॉर्म. क्लोरीन किती, टाकी भरलेली आहे का, वीज गेली तर जनरेटर चालू आहे का. जनरेटरची बॅटरी दोन महिन्यांपूर्वी काढून साहेबांच्याच जीपला लावलेली होती. भाईदासनं तसं सांगितलं.

साहेब हसले. "भाईदासभाई, वावाझोडूं कच्छ बाजू जवानूं छे. आपणे त्यां हवाच आवशे. लखी नाखो, चालू छे."

वादळ कच्छकडे जाणार, इथे नुसती हवा येणार. भाईदासनं 'चालू' लिहिलं आणि खाली सही केली. साहेबांनी जाता जाता बजावलं की लोकांमध्ये उगाच घबराट पसरवू नका.

दुपारी तो सायकलच्या दोन्ही बाजूंना दोन कॅन लटकवून घरी आला. ते आत ओतले, परत गेला. अशा पाच खेपा केल्या. पिंप भरलं, हंडे भरले, पातेली भरली, पिठाचा डबा रिकामा करून तोही भरला. शेवटचे दोन कॅन भरलेलेच खाटेखाली सरकवले.

"वीज गेली तर पंप बंद," तो हलक्या आवाजात म्हणाला. "जनरेटर मेलेला शे. कोणाले सांगू नको."

"लीलाला तरी सांगते."

"लीलाला सांगशील, लीला चाळीला सांगेल, चाळ पंपघरावर येईल. सही माझी आहे त्या कागदावर. समजलं?"

तो परत पंपघरात गेला, तेव्हा लीला दारात उभीच होती. कडेवर चैताली. "आक्का, एवढं पाणी कशाला?"

"पाहुणे येणार आहेत," सरलाबाई म्हणाली. "अमळनेरचे. सात-आठ जण आहेत."

"मग माझी गादी घेऊन जा लागली तर," लीला म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. तिच्याकडे तेव्हा एक हंडा भरलेला होता, एक अर्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ यायच्या आधीच वारा सुटला. पाऊस नावाला, चार थेंब. पण वाऱ्यानं मिलांचे पत्रे उचलून रस्त्यावर आपटले, कडुलिंब तारांवर पडला, खांब ओळीनं वाकले. दुपारपर्यंत वारा शमला. मग ऊन पडलं, जसं काही झालंच नव्हतं. वीज मात्र नव्हती आणि नळही कोरडा.

पहिला दिवस लोकांनी घरातल्या पाण्यावर काढला. संध्याकाळी सरलाबाईनं लीलाला एक कळशी दिली. भाईदासनं ते पाहिलं. तो दिवसभर पंपघरात बंद पंपापुढे बसून, लोकांच्या शिव्या ऐकून आला होता.

"अशी वाटत बसलीस तर उद्या आपणच भीक मागू," तो म्हणाला. "वायरमन म्हणतो, चार दिवस लागतील, पाच लागतील. पोरगी आपल्याला पण आहे."

दुसऱ्या दिवशी एक टँकर आला, तोही मोठ्या रस्त्यापर्यंतच. शेकडो माणसं तुटून पडली. कोणाची बादली फुटली, कोणाचं डोकं. लोटू एका तांब्याभर पाण्यासह परतला. मग चाळीतले लोक मिलच्या मागच्या हातपंपावर जाऊ लागले. तो पंप कोणी वापरत नसे, कारण त्याचं पाणी फिकट गुलाबी यायचं आणि शेजारून गटार वाहायचं. लीलानं ते पाणी लुगड्याच्या चार पदरी फडक्यातून गाळलं. उकळायला रॉकेल नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती वाटी घेऊन सरलाबाईच्या दारात आली. चैतालीला सकाळपासून जुलाब होत होते.

"आक्का, चैतूसाठी घोटभर द्या. साखर-मीठ टाकून देते. माझ्याकडे ते पंपाचंच पाणी आहे."

सरलाबाई खाटेवर बसली होती. खाटेवरून गोधडी खाली सोडलेली होती. आत दोन कॅन होते, एक अर्धा आणि एक शिगोशीग भरलेला. भाईदास दाराआड कपडे बदलत होता. तो खाकरला.

"संपलं गं," सरलाबाई म्हणाली. "आज सकाळीच संपलं."

लीला खाली वाकली, खाटेच्या पायाशी पडलेलं चैतालीचं झबलं उचललं आणि गेली. साखर-मीठ तिनं त्याच गुलाबी पाण्यात कालवलं.

संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. लोटूनं पोरीला सायकलवर घेऊन दवाखाना गाठला, तिथून रिक्षानं मोठ्या हॉस्पिटलात. एका खाटेवर तीन-तीन मुलं होती. चौथ्या दिवशी सकाळी वीज आली, नळ फुसफुसला आणि धो धो पाणी आलं. चाळ नळावर धावली. सरलाबाईनं दार लावून घेतलं आणि खाटेखालचा भरलेला कॅन मोरीत ओतला. उरलेलं पाणी कोणी पाहू नये म्हणून. ओतताना मोरीचा आवाज होऊ नये म्हणून तिनं तळाशी फडकं धरलं.

चैताली पाचव्या दिवशी गेली.

करंजपुऱ्यात त्या आठवड्यात सात मुलं गेली. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, तेव्हा चौकशी बसली. साहेब एके दुपारी घरी आले, सोबत टाइप केलेला जबाब. जनरेटर वेळेवर सुरू केला होता, पण झाड पडून त्याची डिझेलची नळी तुटली, असं त्यात होतं. भाईदासनं वाचलं आणि सही केली. सरलाबाईनं चहा दिला. साहेबांनी चहा पिऊन, "बेन, चा सरस छे," म्हटलं.

त्यानंतर तिला अन्न गोड लागेना. दहाव्याला लीलाच्या घरी ती चूल सांभाळत होती, सगळ्यांना वाढत होती आणि प्रत्येक बाई तिला म्हणत होती, तू होतीस म्हणून लीला तगली. पंधरा दिवस तिनं हे ऐकून घेतलं. मग एका दुपारी लोटू कामावर असताना ती लीलाच्या खोलीत गेली.

"लीला, त्या दिवशी माझ्याकडे पाणी होतं."

लीला तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

"माले म्हाईत व्हतं, आक्का."

सरलाबाईला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"झबलं उचलायला वाकले ना, तेव्हा गोधडीखालून दिसले. दोन कॅन होते." लीला निवडतच राहिली. "मी तिथंच बसायला पाहिजे होतं. ओरडायला पाहिजे होतं. हात घालून ओढायला पाहिजे होता कॅन. पण मला लाज वाटली. तुम्ही नाही म्हणालात, मग कसं मागू? आक्काचं तोंड पडेल, असं वाटलं."

"लीला, मी..."

"तुम्ही सांगितलंत, बरं केलंत. तुमचं मन हलकं झालं असेल. आता मी कोणाला जाऊन सांगू, की मी पाणी पाहिलं आणि परत आले?"

लीलानं ताट तिच्याकडे सरकवलं नाही, उठ असंही म्हटलं नाही. थोड्या वेळानं सरलाबाई आपणहून उठली.

त्या संध्याकाळी तिनं हर्षदाला वही काढायला लावली. "गुजरातीत अर्ज लिही. बॅटरी जीपला लावली होती. फॉर्मवर खोटं लिहून घेतलं. जबाबही खोटा."

"पप्पांची नोकरी जाईल, मम्मी."

"जाऊ दे."

हर्षदानं पानभर लिहिलं. मग पेन थांबवून तिनं आईकडे पाहिलं. तिचा आवाज अगदी शांत होता. "आणि आपण पाणी लपवलं, ते पण लिहू?"

सरलाबाईनं वहीचं पान उलटून दिलं. "लिही," ती म्हणाली. "माझ्या नावानं लिही."

दोन पानांचा अर्ज घेऊन ती नगरपालिकेत गेली. आवकच्या खिडकीतल्या कारकुनानं पहिलं पान वाचलं. "बेन, या प्रकरणाचा निकाल लागलाय. झाड पडलं होतं." दुसरं पान वाचताना त्यानं चष्मा वर केला. "आणि हे घरातल्या पाण्याचं? हा नगरपालिकेचा विषय नाही." दुसरं पान त्यानं परत दिलं, पहिल्यावर शिक्का मारून ते एका गठ्ठ्यात टाकलं.

आठ दिवसांनी साहेबांनी भाईदासला बोलावून घेतलं. नोकरी गेली नाही. गावाबाहेरच्या जुन्या पंपघरात बदली झाली, जायला-यायला दोन तास. तो घरी आला, जेवला आणि म्हणाला, "तुझा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता." पुढे कितीतरी महिने तो सरलाबाईशी हर्षदामार्फतच बोलला.

लीला आणि लोटू श्रावणात खोली सोडून गेले. लोटूला कामरेजकडे एका कारखान्यात काम मिळालं होतं. टेम्पोत सामान चढवताना चाळीतल्या सगळ्या बायका रडल्या. लीलानं एकेकीला मिठी मारली. सरलाबाईपाशी आली तेव्हा ती वाकून तिच्या पाया पडली, थोरल्या बाईच्या पडावं तसं. बघणाऱ्यांना ते रीतीचंच वाटलं. सरलाबाईनं आशीर्वादाला हात उचलला, पण तो तिच्या डोक्यापर्यंत जाईना. तोवर लीला टेम्पोत जाऊन बसली होती.