तीन पानांचा मोगरा

मुक्ताबाईंच्या डोळ्यांतला काचबिंदू उशिरा कळला. कळला तेव्हा डाव्या डोळ्याचं सगळं आणि उजव्याचं बरंचसं गेलेलं होतं. उरला होता तो नुसता उजेड आणि सावली यांतला फरक. लोणावळ्यात वलवणच्या घरापुढच्या जागेत तीस वर्षं त्यांनी बाग केली होती. आळीतल्या बायका रोप आणायच्या आधी त्यांना विचारून जात. आता मुक्ताबाई अंगणात खुर्ची टाकून बसत आणि सांगत, आणि त्यांचे यजमान बजरंगराव करत.

बजरंगरावांनी रेल्वेच्या सिग्नल खात्यात चौतीस वर्षं काढली होती. हात नेमका, पण मातीशी कधी संबंध आलेला नाही. पहिल्याच महिन्यात त्यांनी तण समजून शेवंतीचे फुटवे उपटून काढले आणि नीट जुडी करून बायकोच्या हातात दिले. मुक्ताबाईंनी जुडी चाचपली, हुंगली आणि इतक्या हसल्या की बजरंगरावांनाही हसू आलं. त्या दिवसापासून उपटण्याआधी प्रत्येक काडी त्यांच्या नाकाखाली धरायची, असं ठरलं.

मे संपत आला तशी मुक्ताबाईंनी पावसाची कामं सांगितली. त्या म्हणायच्या, लोणावळ्यात झाड पाण्यावाचून मरत नाही, पाण्यानंच मरतं. कुंड्यांखालच्या ताटल्या काढायच्या, तळाची भोकं काडीनं मोकळी करायची, कुंड्या विटांवर चढवायच्या. गुलाब आणि मोगरा पत्र्याखाली घ्यायचे, त्यांचं खत बंद. नवीन लावायचं ते पावसाला न घाबरणारं लावायचं: अळू, हळद, कर्दळ, सोनटक्का, तेरडा. शेवंतीचे शेंडे गणपतीपर्यंत खुडत राहायचे आणि मेथी-पालकाचं नाव दसऱ्याआधी काढायचं नाही.

बजरंगरावांनी बहुतेक सगळं केलं, पण मोगऱ्यापाशी स्वतःचं डोकं चालवलं. पत्र्याखाली अंधार, तिथं तो खुरटेल, म्हणून त्यांनी कुंडी फाटकाजवळच ठेवली. फरशीवर मातीचे डाग पडू नयेत म्हणून खाली ताटलीही सरकवली. जुलैत आठ दिवस पाऊस तुटला नाही. पानं पिवळी पडली. झाड अशक्त झालंय असं वाटून त्यांनी मूठभर खत घातलं. चार दिवसांनी बुंधा धरला तर झाड अलगद वर आलं. मुळं काळी पडली होती आणि त्यांना कुजका वास मारत होता.

तो मोगरा साधा नव्हता. लग्न होऊन येताना मुक्ताबाईंनी उर्स्याहून, माहेरच्या विहिरीवरून, त्याची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. विहीर पुढं रस्त्यात गेली. मोगरा तेवढा राहिला होता.

संध्याकाळी मुक्ताबाईंनी विचारलं, मोगरा कसा आहे? बजरंगराव म्हणाले, छान आहे, नवी फूट आलीय. इतकं सहज तोंडून गेलं, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी पेन्शनचं काम सांगून ते निघाले. कामशेतला उतरून जीपनं पवनानगरला गेले. तिथं बेडशाच्या वरच्या पाड्यातली रंजना हिरव्या जाळीखाली रोपवाटिका चालवायची. त्यांनी मोगरा मागितला. कुठला, असं तिनं विचारलं. पांढरा, असं त्यांनी सांगितलं.

"मोगरा पांढराच असतोय, आबा," रंजना म्हणाली. मग तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि काय झालं ते हळूहळू काढून घेतलं. सगळं ऐकून तिनं एक रोप पुढं ठेवलं. "ह्ये न्या. पर आजीला सांगून टाका. आमची आय नुसता हात लावून सांगायची, कंचं झाड हाय त्ये."

बजरंगरावांनी हसण्यावारी नेलं. घरी येऊन रोप जुन्या कुंडीत लावलं आणि या वेळी ते मुकाट्यानं पत्र्याखाली ठेवलं.

पाचव्या दिवशी उघडीप मिळाली. मुक्ताबाई म्हणाल्या, मला मोगऱ्यापाशी न्या. त्यांची बोटं बुंध्यापासून वर गेली, परत खाली आली, पुन्हा वर गेली. मग त्यांनी हात पुसले. आत आल्या, चहा घेतला. निभावलं, असं बजरंगरावांना वाटलं. ते वर्तमानपत्र वाचून दाखवायला बसले.

अर्धं पान झालं असेल. "त्याला प्रत्येक पेरावर तीन पानं होती," मुक्ताबाई म्हणाल्या. "याला दोन आहेत."

बजरंगरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. ताटली, खत, काळी मुळं, पवनानगर. मुक्ताबाईंचे डोळे भरून आले. बराच वेळ त्या पदराच्या काठावरून बोट फिरवत बसल्या.

"झाड गेलं त्याचं वाईट वाटतंय. ते वाटणारच," त्या म्हणाल्या. "पण अहो, मी आता तुमच्या सांगण्यावर बघते. तुम्ही नवी फूट म्हणालात, तर चार दिवस माझ्यासमोर नवी फूट होती. तेवढं तरी खरं असू द्या."

बजरंगराव हो म्हणाले. मग मुक्ताबाईंनी विचारलं, आणखी काय काय लपवलंय? बजरंगरावांनी ड्यूटीवरच्या नोंदी वाचाव्यात तसं एकेक सांगितलं. कुंपणाचा गुलाब गेला. हळदीची पानं गोगलगायींनी खाल्ली. टोमॅटो तू नको म्हणाली होतीस, तरी जूनमध्ये लावले, ते सगळे झोपले. टोमॅटो ऐकून मुक्ताबाईंना रडता रडता हसू फुटलं. जूनमध्ये टोमॅटो, तेही लोणावळ्यात, असं त्या पुनःपुन्हा म्हणत राहिल्या.

त्यानंतर रोज सकाळी बजरंगराव बागेत फिरून खरं तेच सांगू लागले. सोनटक्का कमरेएवढा झाला. अळूच्या वड्या आळीत चार घरी गेल्या. शेवंतीचे तीन शेंडे किडले, बाकीचे बरे आहेत.

दसरा झाल्यावर मुक्ताबाईंनी हट्ट धरला, त्या रंजनाकडे मला न्या. रंजनानं त्यांचा हात धरून जाळीखाली फिरवलं. पुदिना, गवती चहा, मरवा. मुक्ताबाई पान चुरडून नाव सांगायच्या आणि रंजना खूश व्हायची. ताटवा दाट कसा करायचा यावर दोघींचं एवढं रंगलं, की बजरंगराव पिशवी घेऊन तासभर मागं उभे राहिले. शेवटी मेथीचं बी, मरवा आणि शेवंतीची दोन रोपं घेतली. थंडीत मोगऱ्याचं पाणी तोडायचं आणि छाटायचा, म्हणजे मार्चमध्ये फुटतो, हे मुक्ताबाईंनी रंजनाला सांगितलं. ते तिला माहीत होतं, तरी तिनं ऐकून घेतलं.

परतीच्या जीपमध्ये मुक्ताबाईंनी विचारलं, बाहेर काय दिसतंय? बजरंगराव सांगू लागले. भातं पिवळी पडलीत. धरण काठोकाठ आहे. एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चाललीय, मागं दोन शेळ्या. मग त्यांनी मांडीवरची पिशवी सरळ केली.

"शेवंतीची एक फांदी मोडली," ते म्हणाले. "चढताना. माझ्याच हातून."

मुक्ताबाईंनी हात पुढं केला. मोडलेली फांदी शोधून तिचा जाडपणा पाहिला आणि खालची पानं खुडून काढली.

"घरी गेल्यावर ओल्या मातीत खोचा," त्या म्हणाल्या. "लागेल ती."