शकुनबाईचा पितळी बुश

मी एक बुश बोलतोय. हसू नका. बुश म्हणजे काय हे निम्म्या लोकांना ठाऊकच नसतं, आणि ज्यांना ठाऊक असतं त्यांना तो मोडल्याशिवाय आठवत नाही. गाडीच्या चाकापाशी लोखंडी पट्ट्यांची चवड असते, तिला पाटा म्हणतात. पाट्याच्या टोकाला गोल डोळा असतो, त्यातून बोल्ट जातो. डोळा आणि बोल्ट एकमेकांना खाऊ नयेत म्हणून मध्ये जी नळी बसवतात, ती मी. दोघांचा मार एकट्यानं खायचा, एवढंच माझं काम.

जन्मानं मी बुश नव्हे बरं. मी होतो पाणी भरायचा गुंड, चांगला पोटाळ, पितळेचा. भंडाऱ्याला घडलो आणि शकुनबाईच्या लग्नात आंदण म्हणून अड्याळला आलो. काठावर तिचं नाव कोरलेलं होतं. विहिरीवर माझ्या अंगात बाया तोंड पाहून घ्यायच्या. चिंच, धानाच्या कोंड्याची राख, तणसाचा म्हणजे भाताच्या पेंढ्याचा बोळा आणि शकुनबाईच्या मनगटाचा जोर! माहेरचं भांडं काळं पडलं तर माहेराची लाज जाते, असं तिच्या मायनं तिला सासरी धाडताना सांगितलं होतं. बाईनं ते गाठ मारून ठेवलं.

तिचा नवरा ताराचंद. भला माणूस, पण गाडीवेडा. पंचाहत्तरच्या पुढेमागे त्यानं धानाची एक बांधी, म्हणजे शेताचा तुकडा, विकली आणि लिलावातली जुनी मिलिटरीची जीप घरी आणली. अड्याळहून पवनी, अड्याळहून भंडारा, अशी तो माणसं न्यायचा. कोंबड्या, पोती, नवरदेव, बाळंतीण, सगळं तिच्यातच. नाही म्हणायला त्याची जीभ उचलायची नाही.

काही वर्षांनी पुढच्या डाव्या पाट्याचा बोल्ट झिजला. ताराचंद नागपूरला गेला. दुकानदारानं समोर बोल्टांचा ढीग मांडला. एक जाड, एक आखूड, एक अगदी मापाचा, पण आटे सुलटे. या जुन्या जीपची खोड अशी की तिच्या एका बाजूचे आटे सुलटे आणि दुसऱ्या बाजूचे उलटे. उलट्या आट्याचा माल येणं बंद झालंय, दुसरी गाडी घ्या, असं दुकानदार म्हणाला. दुसरी गाडी घ्या! जसं काही दुसरं वांगं घ्या.

शेवटी ताराचंदनं बिनआट्याचा साधा बोल्ट आणला. तो डोळ्यात खुळखुळ हलायचा. सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून पाहिलं, चार दिवसांत चिंध्या. बाभळीच्या लाकडाची नळी ठोकून पाहिली, ती उभी चिरली. मग भंडाऱ्याच्या भैय्याजी कसाराला विचारलं. आता कसाराला पितळेशिवाय दुसरं काय सुचणार? पितळ आण, ओतून देतो, म्हणाला.

घरात माझ्याशिवाय मोठं पितळी भांडं म्हणजे एक घंगाळ होतं. ताराचंद मान खाली घालून ओसरीवर बसला होता. शकुनबाईनंच मला विहिरीवरून आणलं, पाणी ओतून टाकलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. जाताना पदरानं मला पुसून दिलं.

भैय्याजीच्या मुशीत माझं पोट वितळलं, नाव वितळलं. वाळूच्या साच्यातून बाहेर आलो तेव्हा आम्ही चार भाऊ होतो. मी डाव्या पाट्यात बसलो, बाकीचे तिघं आतल्या डोळ्यांत, कोणाला दिसणार नाहीत असे. कसाराची जात, त्याला काठाशिवाय भांडं सुचत नाही. त्यानं मलाही बाहेर दिसेल असा गोल काठ ठेवला. ताराचंदला त्यानं बजावून सांगितलं, भांड्याची पितळ मऊ असते, ग्रीस भरत जा, कोरडा ठेवू नको.

ताराचंदनं ते पाळलं. दर आठवड्याला तो पंपानं ग्रीस भरायचा आणि मला थंड वाटायचं. खोटं का बोलू, मला नवं काम आवडायला लागलं होतं. पवनीच्या रस्त्यावरचे खड्डे मी पोटात घ्यायचो आणि वर बसलेल्या म्हाताऱ्याला गचका लागायचा नाही.

आणि मग एके दिवशी शकुनबाई जीप धुवायला बसली.

तिला माझा काठ दिसला. काळं ग्रीस माखलेला. तिचा जीवच कळवळला. माहेरचं भांडं, आणि हे तोंड! ती धावत आत गेली आणि चिंच, राख, तणसाचा बोळा घेऊन आली. गाडीखाली आडवी होऊन तिनं आधी ग्रीस पुसून काढलं, मग मला घासलं, खसखसून घासलं. किती दिवसांनी तो हात लागला होता! मला रडू आलं असतं, डोळे असते तर.

पण चिंचेचं पाणी राख घेऊन आत शिरलं. धानाच्या कोंड्याची राख हातावर मऊ लागते, पितळेला मात्र ती कानसच. दर बाजाराच्या आदल्या दिवशी ती मला घासायची. ताराचंद पुन्हा ग्रीस भरायचा. ग्रीस आणि राख आत एकजीव व्हायची, आणि सहाणेवर चंदन उगाळावं तसा मी उगाळला जायचो. ताराचंद तिला नुसता हसायचा, गाडीचा शृंगार करून राहिली काय म्हणायचा. बाहेरून मी सोन्यासारखा, आतून दर आठवड्याला पातळ. मी कुईकुई करायचो, तर ताराचंद ग्रीस वाढवायचा आणि शकुनबाई राख. दोघांचाही जीव होता हो माझ्यावर. ओरडून कोणाला सांगणार होतो?

त्र्याऐंशी सालची मंडई. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार आणि नाटकं चालतात. सकाळी परतणाऱ्या माणसांनी जीप गच्च भरलेली. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, वळण आलं आणि मी फाटलो. बोल्ट डोळ्यात तिरपा झाला आणि तुटला, पाटा सरकला, चाक भलतीकडेच फिरलं. जीप पाळीवरून खालच्या बांधीत गेली. माणसं चिखलात पडली म्हणून वाचली. ताराचंदचा पाय मात्र आत अडकला. तो पाय आता गुडघ्यात वाकत नाही, क्लच दाबत नाही.

मला काढून त्यांनी घराच्या कोनाड्यात ठेवलं. तिथून मला सगळं ऐकू येतं. लोक म्हणाले, दृष्ट लागली. कोणी म्हणालं, माणसं जास्त भरली. भैय्याजी भेटायला आला, मला बोटांत फिरवून पाहिलं आणि विचारलं, ग्रीस भरत होतास ना? ताराचंदनं बायकोच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. शपथ खरी होती. भैय्याजीनं मला परत कोनाड्यात ठेवलं.

आता जीप उभी राहून चालणार नाही. त्यांचा पोरगा सुखराम स्टेअरिंगवर बसणार आहे, त्याचं लग्न ठरलंय. नवा बुश ओतायचा ठरला. आज दुपारी शकुनबाईनं घंगाळ बाहेर काढलं आणि मला हातात घेऊन नवऱ्याजवळ बसली.

"चूक माहीच हाय," ती म्हणाली. "कापणीच्या गडबडीत दोन आठवडे याले घासलंच नाही मी. काळा पडला होता."

ताराचंद म्हणाला, "तुही काहून चूक? उगी काहीबाही बोलू नको."

"नाही. सुखराम बसून राहिला आता गाडीवर. आता मी रोज घासीन."

ती उठली आणि चिंच भिजत घालायला गेली.

तुम्ही माझं इतका वेळ ऐकलंत. तिला माझं ऐकू येत नाही हो. अड्याळकडे कोणी जाणार असाल तर जरा लवकर निघा. तिचं घर कोणीही दाखवेल. तिला रागावू नका, तिच्या हातचा चहा घ्या, आणि हळूच सांगा. म्हणावं, बाई, काळा पडला तर पडू दे. नको घासू.