फुप्फुसाची कुपी

चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबात एमआरएनएची चिठ्ठी भरून ती फुप्फुसात पोचवायची, एवढंच नणंदेचं काम होतं. तीन वर्षांत तिचा प्रत्येक थेंब यकृतात गेला होता. रक्तात काहीही सोडा, यकृत ते घरजावयासारखं ठेवून घेतं.

शेजारच्या टेबलावर भावजय हेच काम प्लीहेसाठी करत होती. आज उंदरांची तपासणी होती. चिठ्ठी पोचली तो अवयव कॅमेऱ्यात चमकतो. फुप्फुस चमकलं नाही तर नणंदेचा प्रकल्प बंद, असं सरांनी बजावलं होतं.

पडद्यावर नणंदेचा उंदीर आला. चमकली ती प्लीहा. मग भावजयीचा उंदीर आला. त्याची छाती लख्ख उजळली होती.

"वा! फुप्फुस मिळालं," सर म्हणाले. "उद्यापासून हे काम वहिनींकडे." प्रयोगशाळेत तिला सगळेच वहिनी म्हणत.

"थांबा," नणंद म्हणाली. "वहिनी, काल उंदरांना टोचताना थेंबांच्या दोन्ही कुप्या एकदमच उघडल्या होत्या ना?"

"हो ताई. काचेवर शाई टिकत नाही म्हणून आपण नावं झाकणांवर लिहितो. आणि झाकणं..."

"अदलाबदल झाली!"

"झाली, की केली?" सरांनी विचारलं.

त्यांनी उरलेले थेंब भार मोजायच्या यंत्रात घातले. फुप्फुसाच्या थेंबांवर धन भार, प्लीहेच्या थेंबांवर ऋण. 'फुप्फुस' लिहिलेल्या कुपीत निघाला ऋण. म्हणजे दोघींचे थेंब बरोबर आपापल्या घरी गेले होते.

"छान," सर म्हणाले. "पण झाकणं कुणी लावली ते लिहून सही करा. तरच निकाल धरतो."

भावजय घरात आल्याला अकरा वर्षं झाली होती. एवढ्या काळात नणंदेने चूक कबूल केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. दूध उतू गेलं तर दोष गॅसचा, बस चुकली तर घड्याळाचा.

"दोघींनी मिळून लावली, असं लिहिलं तर?"

"मी तर हातमोजे बदलायला गेले होते, ताई."

सरांनी प्रकल्प बंद करायचा कागद पुढे ओढला. नणंदेने पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. 'झाकणं मी लावली. चूक माझी.' सही करताना पेन कागदातून आरपार गेलं.

भावजयीने कागद हलकेच उचलला.

"सर, याची एक झेरॉक्स काढू?"

"कशाला?"

"ह्यांना दाखवायला. नुसतं सांगितलं तर विश्वास नाही बसायचा."