पंचवीस वर्षं टिकणारे अंजीर

घड्याळजींच्या परसातलं अंजिराचं झाड ज्यांनी पाहिलं नाही ते मला थापाड्या म्हणतात, आणि ज्यांनी पाहिलंय ते म्हणतात की मी फार कमी करून सांगतो. एका वर्षी त्याला असा बहर आला, की फळं खायला आलेल्या गांधीलमाश्या खाऊन खाऊन जड झाल्या आणि रांगेनं पायी घरी गेल्या. त्यांना रस्ता ओलांडता यावा म्हणून मी सायकल थांबवलेली आहे. मी तेव्हा पोस्टमन होतो आणि घड्याळजींच्या शेजारीच राहायचो, अजूनही राहतो.

अंजिराची खोड अशी, की तो पिकतो ते सगळा एकदम, आणि पिकल्यावर दोन दिवसही थांबत नाही. सकाळी तोडला की संध्याकाळी मऊ, दुसऱ्या दिवशी आंबट, आणि तिसऱ्या दिवशी खोलीत तो राहील नाहीतर आपण. त्यामुळे वर्षातले तीन आठवडे घड्याळजींच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, स्वयंपाकघरातून पाय निघत नसे. जाम करून करून बरण्या संपत, मग फुलदाण्या भरत. एकदा मला चहाबरोबर साखर म्हणून मिळाला तोही जामच होता.

या सगळ्या धबडग्यात एक गोष्ट मात्र दरवर्षी घड्याळाच्या काट्यासारखी होत असे. पहिल्या तोडीतले चांगले चोवीस अंजीर घड्याळजी स्वतः निवडत, निळ्या झाकणाच्या डब्यात दोन थर लावत आणि डबा माझ्या हातात देत. तो मी तीन गल्ल्या पलीकडे त्यांच्या थोरल्या बहिणीकडे पोचवायचा. ते स्वतः जात नसत, कारण बहीणभाऊ अकरा वर्षं बोलत नव्हते. भांडण वडिलांच्या भिंतीवरच्या घड्याळावरून झालं होतं. ते बहिणीकडे होतं. ती म्हणाली, घड्याळ चार मिनिटं मागे पडतं. हे म्हणाले, मी दुरुस्त केलेलं घड्याळ मागे पडत नाही, तुझा रेडिओ पुढे असेल. झालं. चार मिनिटांची अकरा वर्षं झाली.

ही बहीण, म्हणजे आमच्या ताई, बिस्किटांच्या कारखान्यात तीस वर्षं तपासनीस होत्या. कडेला जळलेलं बिस्कीट त्यांना दुसऱ्या खोलीतून कळायचं. डबा मिळाला की त्या मला दारातच थांबवत, चष्मा बदलून एकेक अंजीर फिरवून बघत आणि रिकाम्या डब्यात एक चिठ्ठी टाकून परत देत. अंजीर थांबणारा नसल्यामुळे तक्रारही त्याच दिवशी करावी लागे. चिठ्ठीत लिहिलेलं असायचं: 'थर पहिला, ठीक. थर दुसरा, तीन नग दबलेले. मुंगी, एक. देठ वाकडे कापले आहेत, हात थरथरतो काय?'

ती चिठ्ठी घड्याळजी डोळ्याला भिंग लावून वाचत. अक्षर बारीक नव्हतं, पण भिंग लावलं की डोळ्यात काय चाललंय ते दुसऱ्याला दिसत नाही. मग स्प्रिंगा ठेवायच्या खणात ती ठेवून देत. पुढच्या वर्षी देठ सरळ असत. म्हणजे बोलणं बंद होतं असं आपलं लोक म्हणत. दर वर्षी एकदा बोलणं व्हायचंच, फक्त ते अंजिरांविषयी असायचं.

असं चाललेलं असताना वहिनींच्या डोक्यात फ्रीझ ड्रायर शिरला. कुणाकडे तरी त्यांनी पाहिला होता. धुण्याच्या मशीनएवढं धूड, पुढे काचेचा गोल दरवाजा आणि शेजारी एक पंप. पदार्थ आधी उणे चाळीसपर्यंत गोठवायचा, मग आतली हवा ओढून घ्यायची, की बर्फाचं पाणी न होता थेट वाफच होते आणि निघून जाते. पदार्थ जसाच्या तसा राहतो, फक्त वजन जातं. पिशवीत घट्ट बंद करून ठेवला तर पंचवीस वर्षं टिकतो. हे ऐकून मी वजनाच्या बाबतीत माझ्यासाठी काही सोय होईल का असं विचारलं. वहिनी म्हणाल्या, भावजी, तुम्ही मावणार नाही.

किंमत ऐकून घड्याळजींच्या हातातला चिमटा पडला. त्यांचं म्हणणं, या पैशात जुनी मोटार येईल, आणि मोटारीत बसून रोज बाजारात गेलं तर पंचवीस वर्षं ताजंच खाता येईल. वहिनींचं म्हणणं, मोटार अंजीर वाळवत नाही. शिवाय पुढच्या तीन आठवड्यांत त्यांना एकदा तरी दुपारी आडवं व्हायचं होतं, आणि आपल्या बायकोच्या दुपारच्या झोपेची किंमत काय ती तुम्हीच सांगा, असं त्यांनी विचारल्यावर घड्याळजी पडलेला चिमटा शोधू लागले. शेवटी दुकानदारानंच तोड काढली. पंधरा दिवस वापरून बघा, पटलं नाही तर परत. फक्त फॉर्मवर कारण लिहायचं.

मशीन आणायला चार माणसं लागली आणि ठेवायला वहिनींची एक नजर. पंपाचा आवाज असा, की समोरच्या घरातलं मांजर सामान आवरून माझ्याकडे राहायला आलं. घड्याळजी पहिला दिवसभर पंपाला पेचकस टेकवून दुसरं टोक कानाला लावून बसले आणि म्हणाले की बेअरिंग चांगलं आहे. एवढी स्तुती त्यांनी स्वतःच्या लग्नात सासऱ्यांचीही केली नव्हती.

एका खेपेला तीस तास लागत. वहिनींनी मटार वाळवले, अंडी वाळवली, उरलेलं सूप वाळवलं. एक दिवस चहा वाळवला. त्यात पाणी घालून तो त्यांनी मला दिला. चहाच्या लांबच्या नातेवाइकाला भेटल्यासारखं वाटलं. पण अंजीर मात्र, खोटं कशाला बोलू, फार सुरेख झाले. दोन फाका करून ठेवलेले, रंग तोच, बिया दिसताहेत, आणि दाताखाली कुर्रकन तुटायचे. हातात घेतले तर इतके हलके, की खिडकी उघडी असताना ताट टेबलावर ठेवायची सोय राहिली नाही. चार अंजीर माझ्या डोळ्यांदेखत कुंपणावरून गेले. गांधीलमाश्यांनी ते पाहिलं आणि त्या रडल्या, पण ते जाऊ द्या.

आठव्या दिवशी ताईंचा डबा पाठवायची वेळ आली. वहिनी म्हणाल्या, या वर्षी वाळवलेलेच पाठवू, दबणार नाहीत की मुंगी लागणार नाही, वन्संना बोट ठेवायला जागाच उरणार नाही. घड्याळजींना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी चोवीस अंजिरांचे देठ स्वतः कापले, सोनाराकडच्या बारीक कात्रीनं. वहिनींनी चंदेरी पिशवी बंद केली आणि वर सुबक अक्षरात लिहिलं: 'पंचवीस वर्षं टिकतील. उघडल्यावर लगेच संपवावेत.'

मी पिशवी नेली. ताईंनी चष्मा बदलला, पिशवी उलटीसुलटी केली, वरचं वाचलं आणि मला म्हणाल्या, तुम्ही जा. मी चिठ्ठीसाठी थांबलो होतो. त्या म्हणाल्या, घाई काय आहे, पंचवीस वर्षं आहेत ना.

मी मोकळ्या हातांनी परत आलो. घड्याळजींनी डब्याकडे पाहावं तसं माझ्या हातांकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी घड्याळजींनी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात तास काटा मिनिटाच्या जागी बसवला. ते गिऱ्हाईक घरी पोचलं तेव्हा पुढचा महिना लागला होता. पाचव्या दिवशी दुपारी वहिनी गाढ झोपल्या होत्या, आणि घड्याळजी स्प्रिंगांचा खण उघडून जुन्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावत बसले होते. मी गेलो तर म्हणाले, अकराच आहेत. मी म्हटलं, अकरा वर्षांच्या अकराच असणार. ते म्हणाले, हो ना.

मग त्यांनी मला ताईंकडे चौकशीला पाठवलं, आपण पाठवलं असं न सांगता. मी सहज म्हणून गेलो. पिशवी टेबलावर होती, न उघडलेली. शेजारी वही आणि पेन्सिल. ताई म्हणाल्या, तपासणी चालू आहे. भिंतीवरचं घड्याळही चालू होतं, आणि माझ्या मनगटावरच्या घड्याळाहून बरोबर चार मिनिटं मागे होतं. पण हे मी कुणाला सांगितलं नाही. मला दोन्ही घरी चहा मिळतो.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत दुकानात कळवायचं होतं. वहिनींचा निर्णय झालेला होता. मशीन ठेवायचं. पुढच्या वर्षी चिठ्ठीचं काय, हे घड्याळजी विचारणार नव्हते, आणि विचारल्याशिवाय वहिनींना कळणार नव्हतं. त्यांना वाटत होतं की हे किमतीमुळे गप्प आहेत. त्यांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं आणि म्हणत होत्या, अहो, एकदा मनापासून हो म्हणा, मग फोन लावते. घड्याळजी म्हणाले, तूच ठरव. तिसऱ्यांदा ते तूच ठरव म्हणाले, तेवढ्यात फाटक वाजलं.

ताई होत्या. हातात चंदेरी पिशवी, काखेत वही. अकरा वर्षांनी त्या घरात आल्या होत्या आणि आल्या त्या थेट स्वयंपाकघरात. पंप थरथरत होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग घड्याळजींकडे.

"छोट्या," त्या म्हणाल्या.

घड्याळजी अडुसष्ट वर्षांचे होते. उभे राहिले.

"रोज पाच वाजता बघतेय. सात दिवस झाले. फुगत नाही, कुजत नाही, मुंगी वाससुद्धा घेत नाही. लिहू काय मी?" त्यांनी वही पुढे केली. सात तारखा आणि समोर सात रिकाम्या ओळी. "आणि माझं वय आहे शहात्तर. ही पिशवी पंचवीस वर्षांनी उघडली आणि आत खराब निघालं, तर तक्रार कुणाकडे करायची?"

"माझ्याकडे," घड्याळजी म्हणाले.

"तू असणार आहेस का तोवर?"

"तू असशील तर असेन."

ताईंनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या. घड्याळजींनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं, तिथे वाचायला काहीही नसताना.

वहिनींनी आधी नणंदेकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या भिंगाकडे, मग दारातून दिसणाऱ्या, उघड्या राहिलेल्या स्प्रिंगांच्या खणातल्या चिठ्ठ्यांकडे. बाई हुशार आहेत, त्यांना एवढं पुरलं. त्या उठल्या आणि त्यांनी पंपाचं बटण बंद केलं. घर इतकं शांत झालं, की समोरचं मांजर सामान घेऊन परत गेलं. मग त्या परसात गेल्या आणि ताटभर ताजे अंजीर घेऊन आल्या, वरचे दोन चांगलेच दबलेले. ताईंनी चष्मा बदलला.

"देठ," त्या म्हणाल्या.

"ते हिनं तोडलेत," घड्याळजी म्हणाले. इतक्या आनंदात बायकोवर ढकलणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी मशीन न्यायला दुकानातला माणूस आला. फॉर्म वहिनींनी भरला. परत करण्याचं कारण, या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'तक्रार येत नाही.' त्या माणसानं ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, बाई, हे आम्ही जाहिरातीत लिहितो. वहिनी म्हणाल्या, म्हणूनच परत देतेय.

घड्याळजी त्याच संध्याकाळी हत्यारांची पिशवी घेऊन ताईंकडे गेले. ते घड्याळ मागे पडतं की नाही यावर अजून त्यांचं एकमत नाही, पण हल्ली ते एकमेकांना तोंडावर नाही म्हणतात. निळ्या झाकणाचा डबा मात्र आता लागत नाही. बहर आला की ताई रोज सकाळी सातला स्वतः येतात, तीन आठवडे, वही घेऊन. अंजीर झाले की जाम तपासतात, जाम झाला की बरण्या, बरण्या झाल्या की वहिनींनी पुसलेला ओटा. परवा त्यांनी ओट्याला दहापैकी सहा दिले.

त्या दिवशी दुपारी वहिनी कुंपणाशी आल्या. हात कोपरापर्यंत जामनं माखलेले, डोळ्यांवर झोप. आतून ताईंचा आवाज येत होता आणि त्यावर घड्याळजींचं हसणं. वहिनींनी क्षणभर ते ऐकलं, मग माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "भावजी, ते दुकान अजून आहे का हो?"