हुसेनबीच्या घरचा झांबियाचा सिनेमा

मी एक जुना डीव्हीडी प्लेअर आहे. सास्तूरला हुसेनबीच्या घरी टीव्हीखाली बसून असतो. माझं एक बटण गेलंय, पोटात घरघर होते; तरी मित्रांनो, मला डबडं म्हणू नका. मला ते झोंबतं.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातला. नीट आठवतो तो लोहाऱ्याचा बाजार. तिथून हुसेनबीच्या मुलानं, अबुजरनं, मला जीपमधून मांडीवर घेऊन आणलं. तेव्हा माझा काय थाट होता! अख्खी गल्ली लग्नाच्या सीड्या घेऊन यायची. पुढं ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला आणि मला कुणी विचारेना. अबुजरही साखर कारखान्यातला फिटर म्हणून झांबियाला गेला. त्याच्या आईजवळ साधा बटणांचा फोन. त्यात आवाज येतो, चेहरा दिसत नाही. घरात ती आणि मी, दोघंच उरलो.

तीन वर्षांपूर्वी अबुजरनं सुट्टीवर आलेल्या सोबत्याच्या हाती एक सीडी धाडली. तिथल्या पोरांनी हौसेनं काढलेला कराटेचा सिनेमा होता. मी बरेच सिनेमे पचवलेत, पण असला नाही! लाकडी बंदुका, पुठ्ठ्याची गाडी, ऐन हाणामारीत मधूनच शेळ्या जायच्या. भाषा कळायचा प्रश्नच नव्हता. पण त्यात गुंडाचा साथीदार म्हणून आमचा अबुजर होता! नायकाची लाथ बसली की तो धुळीत पडायचा आणि तोंडातून टोमॅटोचा रस गाळत मरायचा.

पहिल्यांदा ते पाहून हुसेनबी मोठ्यानं रडली. शेजारच्या नागूबाईनं खिडकीतून टीव्हीवर निपचित पडलेला अबुजर पाहिला आणि ती तशीच माघारी गेली. थोड्या वेळानं भाकरी-पिठलं झाकून घेऊन आली. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी जेवण न्यायचं, ही आमच्याकडची रीत.

"कसं झालं गं माय? लई गुणाचं लेकरू हुतं," ती हुंदके देत म्हणाली.

"अगं, शिनेमा हाय त्यो! सकाळीच फोन आलता त्याचा."

दोघी पोट धरून हसल्या. मग ती भाकरी दोघींनी मिळून खाल्ली.

पुढं नागूबाई लेकाकडं लातूरला राहायला गेली. तेव्हापासून हुसेनबी रोज दुपारी एकटीच तो सिनेमा लावायची. अबुजर पडला की म्हणायची, "उठ बेटा." तो उठायचा नाही. मग ती चित्र मागं न्यायची आणि मी त्याला पुन्हा उभा करायचो. या कामाचा मला फार अभिमान होता. त्याच्या नोकरीत खोडा नको म्हणून तिनं त्याला 'घरी ये' असं मात्र कधीच म्हटलं नाही.

गेल्या आठवड्यात माझी नजर गेली. सीडी फिरेना, चित्र येईना. हुसेनबीनं मला पदरानं पुसलं, थोपटलं, उन्हात ठेवलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी तिनं झांबियाला फोन लावला.

"नवी मशीन भेजूं क्या, अम्मी?" अबुजरनं विचारलं.

"मशीन नक्को बेटा. तू आ."

मग तो हळूच म्हणाला, "देखता, अम्मी."

मी बंद पडलो याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही. मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांची धूळ पुसत जा, एवढी विनंती आहेच. पण घरी कुणी तुमची वाट पाहत असेल, तर आमच्यावर विसंबू नका. स्वतः जा.