पहिल्या रांगेतली आई

“हमिदाभाभी, मागं कुठं बसताय? पालकांसाठी पहिली रांग ठेवलीय,” दीपक सर म्हणाले.

“नको सर. हितंच बरी हाय मी.”

“अहो, आज तुमचाच दिवस आहे. चला, उठा.”

हमिदा नाइलाजानं उठली. गुडघा धरून, एकेका खुर्चीच्या पाठीचा आधार घेत ती पुढं आली. अंगावर ईदचा नवा जोड होता. ईद होऊन आठवडाच झाला होता, अजून कपड्यावरची घडीची रेघ गेली नव्हती. रत्नागिरीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये जागतिक अपंग दिनाचा कार्यक्रम होता. स्टेजवर थर्माकोलच्या अक्षरांत सालही लिहिलं होतं, दोन हजार तीन. तिच्या मोठ्या मुलीचं, आफरीनचं, आज नाटकात काम होतं. कसलं काम, ते हमिदाला ठाऊक नव्हतं. आफरीन सांगू शकत नव्हती आणि हमिदानं कोणाला विचारलंही नव्हतं.

आफरीन जन्मापासून मुकी-बहिरी. दीड वर्षाची असताना राजिवड्याच्या धक्क्यावर एक होडी इंजिन दणदणवत आली, तशी बाकीची पोरं भिऊन रडायला लागली. ही मात्र होडीचा रंग बघत हसत बसली. तेव्हा हमिदाला कळलं. नवरा अयूब दुबईच्या टगबोटीवर खलाशी, वर्षातले दोन महिने घरी. घरात सासूचं राज्य. सासूनं एकच सांगितलं, “चार लोकांत आणू नको ह्या पोरीला. उद्या धाकटी झाली तर तिचा निकाह कोण लावील?” तेव्हा धाकटी जन्मलीही नव्हती. पुढं धाकटी आयात जन्मली, सासू अल्लाघरी गेली, पण तिचं सांगणं मागं राहिलं. पाहुणे आले की आफरीननं मागच्या खोलीत जायचं आणि हमिदानं बाहेरून कडी घालायची, हा घरातला रिवाज होऊन बसला. आत जा, जेव, झोप, इकडं ये, अशा दहा-बारा खुणा मायलेकींत होत्या. त्यांतली ‘आत जा’ ही सगळ्यांत जास्त वापरात.

मूकबधिरांच्या शाळेत आफरीन सातवीपर्यंत शिकली आणि घरी बसली. तिथले चित्रकलेचे दीपक सर शाळा सोडून घरी बसलेल्या मुलामुलींना दर शनिवारी जमवू लागले. कुणी बहिरं, कुणाला पोलिओ, कुणी आंधळं. नाच, चित्रं, मुखवटे, नाटक, जे जमेल ते करायचं. सर हमिदाच्या घरीही आले. तिनं तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा आले तेव्हा तिनं विचारलं, “शनिवारी किती वेळ असतो तुमचा वर्ग?”

“दोन ते सहा.”

“मग पाठवते.”

आयातला तेव्हा स्थळं यायला लागली होती. मागच्या खोलीतून कधी भांडं पडल्याचा आवाज येई, कधी आफरीनचा घोगरा, वेडावाकडा स्वर. हमिदानं हिशेब केला आणि तेव्हापासून मुलगी बघायला येणाऱ्यांना ती शनिवारच द्यायला लागली. सर मात्र सगळ्या पालकांना सांगत सुटले की हमिदाभाभींसारखी आई पाहिजे, दोन वर्षांत पोरीचा एक शनिवार चुकवला नाही.

पडदा सरकला. कोपऱ्यात भागोजी ढोल घेऊन बसला होता. तो आंधळा. त्याचा ढोल स्टेजच्या फळ्यांवर टेकवून ठेवला होता, म्हणजे त्याचा दणका बहिऱ्या पोरांना तळपायांतून कळे. नाटकाला शब्द नव्हते. प्रत्येकानं आपल्या घरातला एक प्रसंग बसवला होता. पोलिओची सानवी कुबड्या टाकून झाडावर चढायला गेली, लोक हसले. एका मुलानं बापाचं दाढी करणं दाखवलं, लोक आणखी हसले. हमिदाही तोंडाला ओढणी लावून हसली.

मग एक बाई आली. डोक्यावरून ओढणी, एक गुडघा धरलेला, पाऊल टाकताना अंग डावीकडं कलतं. तिनं हवेतल्या हवेत कपबश्या मांडल्या, एक बशी ओढणीच्या टोकानं पुसली, उजेडात धरून बघितली, परत पुसली. हमिदाला प्रथम वाटलं, ही कुठली बाई? आणि मग तिचा हात आपसूक स्वतःच्या गुडघ्यावर गेला. ती आफरीन होती. आणि ती जी चालत होती, ती हमिदा होती.

स्टेजवरच्या बाईनं खिडकीतून डोकावून पाहिलं, घाबरली, धावली. सानवी जमिनीवर बसून चित्र काढत होती. तिला दंडाला धरून उठवलं, कोपऱ्यात नेऊन बसवलं आणि कडी घातली. भागोजीनं ढोलावर एकच टिपरी मारली. मग बाईचा चेहरा बदलला. ओठ लांबले, मान तिरकी झाली, पाहुण्यांसमोर धरायचं ते हसू आलं. ते इतकं हुबेहूब होतं की हमिदाचे स्वतःचे ओठ दुखायला लागले. समोर पाहुणे झालेल्या दोघांतल्या एकानं हातानं विचारलं, लहान-मोठी पोरं किती?

बाईनं एक बोट वर केलं.

हॉलमध्ये कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. ते बोट तसंच वर राहिलं. कोपऱ्यातली सानवी फटीला डोळा लावून बघत होती.

“एकच हाय पोर माजी,” असं हमिदानं किती जणांना सांगितलं होतं! बहिरीला काय ऐकू येणार, या भरवशावर सांगितलं होतं. आपण बोलता बोलता बोटही वर करतो, हे तिला आज कळलं.

पाहुणे गेले. बाईनं बशीत मिठाईचा मोठा तुकडा घेतला, कडी काढली आणि बशी पुढं केली. पण देताना ती पोरीच्या तोंडाकडं बघत नव्हती, बशीकडं बघत होती. पोरीनं बशी घेतली तरी बाईची नजर जिथं बशी होती तिथंच. ढोल थांबला. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात.

“आणि आता,” माइकवर दीपक सर म्हणाले, “ज्यांच्या पाठिंब्यामुळं आफरीन आज इथं उभी आहे, त्या तिच्या आईचा सत्कार करूया. हमिदाभाभी, या.”

पायऱ्या तीनच होत्या. त्या चढताना हमिदाला कळलं की आपण चालतोय तसंच मघाशी ती चालली होती, आणि आता सगळ्या हॉलला ते दिसणार. तिनं कलणारं अंग सावरून ताठ चालायचा प्रयत्न केला, तर गुडघ्यात कळ आली. कुणाच्या काही लक्षात आलं की नाही, कोण जाणे. पाहुण्या म्हणून आलेल्या अधिकारी बाईंनी तिच्या खांद्यांवर शाल घातली, हातात नारळ दिला. “अशा आया घरोघरी असत्या तर!” त्या म्हणाल्या. सरांनी माइक पुढं केला.

हमिदानं तोंड उघडलं. ती बाई मी हाय, एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर तयार होते. पहिल्या रांगेतून माणसं कौतुकानं बघत होती.

“शुक्रिया,” ती म्हणाली. “सगळ्यांचा.”

बहिऱ्या पोरांनी आपल्या पद्धतीनं टाळ्या दिल्या. दोन्ही हात वर करून पंजे हलवले. आफरीन त्यांच्यात होती. डोक्यावर अजून ती ओढणी, तोंडभर हसू, आणि सगळ्यांत उंच तिचे हात. त्या हसण्यात कुठं टोमणा असता तर हमिदाला बरं वाटलं असतं. तो शोधून सापडला नाही. तिनं आईला दाखवायचं होतं ते दाखवलं होतं आणि आईला शाल मिळाली म्हणून ती खूश होती.

रिक्षात आफरीन तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. हमिदानं शाल काढून पिशवीत कोंबली. घरी आयातनं दार उघडल्या उघडल्या विचारलं, “अम्मी, कसा झाला आफरीनबुबूचा नाटक?”

“बरा झाला.”

“काय काम होता तिना?”

“एका बाईचा,” हमिदा म्हणाली आणि नमाजाआधीच्या वजूला पाणी घ्यायला मागीलदारी गेली. तिथं ती बराच वेळ नळ वाहता ठेवून उभी राहिली.

येत्या शनिवारी अंजनवेलची माणसं आयातच्या निकाहची तारीख धरायला येणार होती. मुलगा फहाद कुवेतला होता. स्थळ चांगलं, आयातच्या मनासारखं. त्यांनाही हमिदानं एकच मुलगी सांगितली होती. तीन दिवस तिच्या मनात तेच घोळत राहिलं. सांगावं तर आयातचं मोडेल, न सांगावं तर ते वर केलेलं बोट डोळ्यांपुढून हलत नाही. शनिवारी दुपारी आफरीन नेहमीप्रमाणे केस विंचरून, पिशवी घेऊन वर्गाला निघाली. हमिदा तिला थांबवायला दारापर्यंत गेली. थांब, आज तू बाहेर बस, पाहुण्यांसमोर बस, हे कसं सांगायचं? तिच्याजवळ तेवढ्या खुणाच नव्हत्या. तिनं ‘इकडं ये’ची खूण केली. आफरीननं भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट दाखवलं, हसली आणि गेली.

पाहुणे आले. चहा झाला, शिरखुर्मा झाला. फहादची आई जाडजूड, मोकळ्या स्वभावाची बाई. तारखेचं बोलणं निघालं तशी हमिदानं ट्रे खाली ठेवला.

“आधी माजा ऐका,” ती म्हणाली. “मी तुमाला खोटा सांगितला. माज्या पोरी दोन हायत. मोठी आफरीन, चोवीस वर्सांची. मुकी-भैरी हाय. कोण आला की मी तिना आत कोंडून ठेवायची. आता काय म्हणायचा तो म्हणा.”

आत आयातच्या हातातला चमचा वाजला.

“आमाला म्हायत हाय गो,” फहादची आई शांतपणे म्हणाली.

“कधीपास्ना?”

“पयल्या दिवसापास्ना. राजिवड्यातला सगळा मोहल्ला सांगतो. पोर शाळेत जात होती, बाजारात दिसत होती, ती काय झाकून राहते? आमी आपला बगत होतो, तू कधी सांगतेस.” मग तिनं आजूबाजूला नजर फिरवली. “कुठं हाय ती? बोलव तिना.”

“वर्गाला गेली.”

“मग निकाहला तरी बाहेर बसव,” ती बाई म्हणाली आणि कॅलेंडर मागून घेतलं.

तारीख ठरली. पाहुणे गेल्यावर आयात गळ्यात पडली, हसली, रडली. हमिदा कपबश्या गोळा करत राहिली. काहीच मोडलं नव्हतं. मोडण्यासारखं कधी काही नव्हतंच. ज्यांच्यापासून लपवलं त्या सगळ्यांना ठाऊक होतं. इतक्या वर्षांत त्या कडीमुळं कुणाला काही कळायचं राहिलं असेल तर ते फक्त आत बसलेल्या पोरीला, आणि तिलाही सगळं कळलंच होतं. हा विचार आला तशी ती मोरीतच बसली. लग्न मोडलं असतं तर निदान कशासाठी तरी लपवलं म्हणता आलं असतं.

संध्याकाळी मगरिबच्या नमाजाच्या सुमारास आफरीन आली. हमिदानं तिला समोर बसवलं. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग पुढं काय करावं सुचेना. हात जोडले, कान धरले, डोकं हलवलं. आफरीन लक्ष देऊन बघत होती, वाट चुकलेल्या परक्या माणसाचं बोलणं ऐकावं तशी. तिला वाटलं, आईला बरं नाही. तिनं हमिदाच्या कपाळाला हात लावून बघितला. मग काही आठवून पिशवीतून वही-पेन्सिल काढली आणि आईपुढं ठेवली. वर्गात असं करतात, हातांनी जमलं नाही की लिहितात.

हमिदा उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. आफरीन शिकली ती मराठीत. एकमेकींची अक्षरं दोघींना परकी. हे माहीत असूनही हमिदानं पेन्सिल घेतली आणि उजवीकडून डावीकडं, थांबत थांबत लिहिलं. ती बाई मी आहे. बेटी, मला माफ कर. इतक्या वर्षांनी लिहीत होती, अक्षरं थरथरली. आफरीननं ओळीवरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडं. आईच्या तोंडाकडं पाहिलं, परत ओळीकडं पाहिलं. मग मान डोलावून वही घेऊन उठली. तिला काय समजलं, कुणास ठाऊक. हमिदाला विचारताही येईना.

सकाळी आफरीन अंघोळीला गेली होती. वही तिच्या उशाशी उघडी पडली होती. हमिदानं वाकून बघितलं. तिच्या ओळीखाली तीच ओळ आफरीननं काढली होती. लिहिली नव्हती, चित्रासारखी काढली होती, डाव्या टोकापासून सुरुवात करून. त्यामुळं डावीकडचे शब्द ऐसपैस होते आणि उजव्या कडेला जागा न पुरल्यानं ‘ती बाई’ दाटीवाटीत अंग चोरून उभी होती. वळणं सगळी आईची होती, थरथरसुद्धा. फक्त नुक्ते नव्हते. अक्षरांच्या वर-खाली पडलेले ठिपके तिला कागदावरचे डाग वाटले असावेत. म्हणून ओळ दिसत होती, पण वाचता येत नव्हती.

हमिदा गादीवर बसली. पेन्सिल घेतली, वही मांडीवर धरली आणि एकेका अक्षराचा नुक्ता भरायला लागली. जीमचा, फेचा, मग बेच्या खालचा.